वेल्ड केलेल्या बीमला सारखा क्रॅक जातोय? फटीग तपासायचा आणि दुरुस्त करायचा नेमका क्रम

रबाळे, महापे, तळोजा, वागळे इस्टेट, कुठल्याही शेडमध्ये जा, क्रेनच्या गॅन्ट्रीवर (क्रेन ज्या बीमवरून धावते त्यावर) एखादी तरी जागा असते जिथला वेल्ड "सारखा सुटतो". काय केलं विचारलं की उत्तर ठरलेलं, परत वेल्ड मारला, यावेळी जाड मारला, वरून एक प्लेट पण चढवली. आणि काही महिन्यांनी क्रॅक परत हजर, आता प्लेटच्या टोकाला. दहा टनाच्या क्रेनने कधी साडेनऊच्या वर उचललेलं नसतं, बीमचं डिझाइनही ठीक असतं, तरी हे होतं, कारण तोच लोड येतो-जातो, बीम वाकतो, सरळ होतो, परत वाकतो आणि वेल्डच्या कडेला जी बारीक खाच असते तिथून क्रॅक हळूहळू पुढे सरकतो. हाच फटीग.

बहुतेक लोक क्रम उलटा लावतात. आधी वेल्डची साइज वाढवतात, मग चांगल्या ग्रेडचं स्टील मागवतात, आणि फेऱ्या किती होतात हे शेवटी कोणीतरी विचारतं. बरोबर क्रम म्हणजे फेऱ्या, मग स्ट्रेस किती बदलतो, मग कुठे काय वेल्ड केलंय, मग आयुष्य, आणि वेल्डिंग मशीन सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, दहा टनाची ईओटी क्रेन (शेडमध्ये वरून धावणारी विजेवरची क्रेन), ६ मीटर स्पॅनचा दोन्ही टोकांना नुसता टेकलेला गॅन्ट्री गर्डर, सेक्शन आयएसएमबी ५०० (५०० मिमी उंचीचा रोल्ड आय-बीम). आडवा लोड आणि वरचं चॅनेल सोयीसाठी सोडून दिलंय, खऱ्या कामात सोडू नका.

टप्पा १ : वर चढायच्या आधीची तयारी

कागद आधी. क्रेनवाल्याचं जीए (एकूण मांडणीचं) ड्रॉइंग, त्यात जास्तीत जास्त व्हील लोड (एका चाकावरचा भार) आणि व्हीलबेस (चाकांमधलं अंतर) लिहिलेला असतो. गर्डरचं ड्रॉइंग असेल तर उत्तम, नसेल तर कॅलिपर घेऊन फ्लँज (बीमची वरची-खालची आडवी पट्टी) आणि वेब (मधली उभी पट्टी) मोजा, आणि खालच्या बाजूला गंज खाल्लेला असेल तर तिथली जाडी वेगळी मोजा. ठाणे खाडीच्या पट्ट्यात आणि केमिकल युनिटच्या शेजारी कागदावरची जाडी प्रत्यक्षात असेलच असं धरून चालू नका.

पण ड्रॉइंगवर जे नसतं तेच बहुतेक वेळा क्रॅकचं मूळ असतं. शेड झाल्यावर इलेक्ट्रिशियनने केबल ट्रेसाठी क्लीट (टेकूचा छोटा तुकडा) मारली, फायरवाल्याने पाइपचा सपोर्ट मारला, कोणीतरी चेन ब्लॉक लावायला खालच्या फ्लँजला हुक वेल्ड केला आणि काम झाल्यावर हातोड्याने तोडून टाकला. या सगळ्याचे फोटो काढा, टोकापासूनचं अंतर टेपने मोजून लिहा, तोडलेल्या हुकचे उरलेले खुंट पण सोडू नका.

सोबत घ्यायचं सामान : टॉर्च, छोटा आरसा, हाताचा वायर ब्रश, वेल्ड गेज, पेंट मार्कर, टेप आणि डीपी टेस्टचे (रंग मुरवून क्रॅक शोधायच्या चाचणीचे) तीन कॅन.

सावधान : क्रेनवरचा स्विच ऑफ केला म्हणजे गॅन्ट्रीला समांतर जाणारा डीएसएल बसबार (क्रेनला वीज पुरवणारी लाइन) ऑफ होत नाही. खालचा मेन ऑफ करून कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा आणि मीटर लावून डेड असल्याची खात्री करा, टेस्टर पेनवर विसंबू नका. त्याच बेमध्ये (शेडच्या गाळ्यात) दुसरी क्रेन असेल तर तीही बंद. हार्नेस लागतोच, आणि तो गर्डरच्या ज्या भागावर संशय आहे तिथेच अडकवू नका.

टप्पा २ : फेऱ्या मोजा

सुपरवायझरला "दिवसात किती लिफ्ट?" विचारलं तर तो त्याच्या सगळ्यात बिझी दिवसाचा आकडा सांगतो, मॅनेजरला विचारलं तर अर्धा सांगतो. लॉगबुक असेल तर बघा, नाहीतर एक शिफ्ट स्वतः उभं राहून मोजा. मोजताना भरलेली फेरी आणि रिकामी फेरी वेगवेगळी लिहा, टप्पा ५ मध्ये लागेल.

आपल्या उदाहरणात दिवसाला १०० भरलेल्या फेऱ्या या गर्डरवरून जातात, वर्षाला ३०० दिवस काम, म्हणजे वर्षाला ३०,००० आणि २५ वर्षांत साडेसात लाख.

इथे दोन गोष्टींत हमखास गल्लत होते. पहिली, बीमच्या मधल्या वाकण्यासाठी क्रेनची एक फेरी म्हणजे एक सायकल (स्ट्रेस एकदा चढून परत उतरणं), पण रेलच्या खालचा जो वरच्या फ्लँज आणि वेबमधला वेल्ड आहे त्याच्यावर प्रत्येक चाक स्वतंत्र धक्का देतं, त्यामुळे गर्डरवर दोन चाकं असतील तर तिथे सायकल दुप्पट. दुसरी, मशीनखालचे बीम. मेझनाइनवर ३०० आरपीएमचा कंप्रेसर दिवसाला १६ तास चालत असेल तर रोज २ लाख ८८ हजार सायकल होतात, म्हणजे ५० लाखाचा आकडा (आयएस ८०० ज्यावर श्रेणी ठरवतं तो, टप्पा ४ बघा) अठरा दिवसांच्या आत गाठला जातो. अशा बीमचं आयुष्य वर्षांत काढत बसण्यात अर्थ नाही, तिथे स्ट्रेस रेंज (स्ट्रेस किती बदलतो ते) इतकी खाली आणायची की फटीगचा प्रश्नच येऊ नये, किंवा मशीन वेगळ्या फाउंडेशनवर घ्यायचं.

टप्पा ३ : स्ट्रेस रेंज काढा

फटीगला जास्तीत जास्त स्ट्रेस किती यापेक्षा तो किती बदलतो हे महत्त्वाचं. गर्डरचं स्वतःचं वजन कायम बसलेलं आहे, ते बदलत नाही, म्हणून ते इथे धरायचं नाही. क्रेन दुसऱ्या बेला गेली की शून्य, वर आली की पूर्ण, या दोन्हीतला फरक म्हणजे रेंज.

व्हील लोड ७५ किलोन्यूटन, चाकं दोन, मधलं अंतर ३ मीटर. दोन सारखी चाकं सरकताना सगळ्यात मोठा मोमेंट (बीमला वाकवणारा जोर) असा निघतो : स्पॅनमधून चाकांच्या अंतराचा चौथा भाग... नाही, इथेच लोक घसरतात, अंतराचा निम्मा भाग वजा करायचा, म्हणजे ६ मधून १.५ गेले, उरले ४.५, त्याचा वर्ग २०.२५, त्याला ७५ ने गुणायचं आणि स्पॅनच्या दुप्पट म्हणजे १२ ने भागायचं. आले १२६.६ किलोन्यूटन मीटर. ईओटी क्रेनला आयएस ८७५ भाग २ प्रमाणे उभ्या लोडवर २५ टक्के इम्पॅक्ट, म्हणजे १५८. आयएसएमबी ५०० चा सेक्शन मॉड्युलस (वाकायला विरोध किती हे सांगणारा आकडा) साधारण १८०९ घन सेंटीमीटर, भागाकार केला की ८७ एमपीए (मेगापास्कल, स्ट्रेसचं एकक).

आता बघा, स्टीलचा यील्ड (ज्याच्यावर ते कायमचं वाकतं तो स्ट्रेस) २५०. ८७ म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा, त्यामुळे स्टॅटिक डिझाइनवाला निवांत असतो. तो चुकत नाहीये, फक्त त्याचं उत्तर वेगळ्या प्रश्नाचं आहे.

"स्टील ई२५० ऐवजी ई३५० घेतलं तर?" हा प्रश्न दर मीटिंगला येतो. वेल्ड मारून तसाच सोडलेल्या जॉइंटला फटीगमध्ये काही फायदा नाही. वेल्डच्या कडेला खाच आधीपासूनच असते, शिवाय वेल्ड थंड होताना आकसतो आणि तिथे यील्डच्या जवळपास ताण अडकून राहतो, मग ग्रेड कुठलीही असो क्रॅकची चाल तीच. उलट भारी ग्रेड घेऊन सेक्शन बारीक केला तर रेंज वाढते आणि आयुष्य घटतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून महाग माल आणून काम बिघडवायचा हा खात्रीचा रस्ता आहे.

तपासा : रेंज ज्या जागी वेल्ड आहे त्या जागची काढली का? मधली ८७ ही टोकाजवळच्या वेल्डला लावायची नाही, तिथला मोमेंट कमी असतो. आणि गर्डर दोन-तीन कॉलमवरून सलग जात असेल तर सपोर्टवर वरचा फ्लँज ताणात येतो, चाक एका स्पॅनमधून दुसऱ्यात गेलं की स्पॅनमधला स्ट्रेस उलटतो, तेव्हा खालच्या बाजूची उलटी किंमत पण रेंजमध्ये मिळवावी लागते.

टप्पा ४ : गर्डरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा आणि प्रत्येक वेल्डला श्रेणी द्या

कोडमध्ये (डिझाइनच्या मानकात) प्रत्येक प्रकारच्या डिटेलला, म्हणजे जोडाला, एक आकडा दिलेला असतो, तीच त्याची श्रेणी. आकडा जितका लहान तितका डिटेल वाईट. मी इथे युरोकोड ३ (युरोपचं स्टील मानक) च्या पद्धतीचे आकडे देतोय.

नुसता रोल्ड बीम, काहीही वेल्ड न केलेला, १६०. ड्रिल केलेल्या बोल्ट होलचा भाग ९०. बट वेल्ड (टोकाला टोक लावून मारलेला) दोन्ही बाजूंनी ग्राइंड करून सपाट आणि तपासलेला असेल तर ११२, तसाच फुगलेला सोडला तर ९० किंवा ८०, मागे बॅकिंग पट्टी ठेवून मारला असेल तर ७१. वेबवरचा उभा स्टिफनर (वेबला आधार देणारी पट्टी) ८०. खालच्या फ्लँजवर लांबीच्या दिशेने १०० मिमीपेक्षा लांब क्लीट वेल्ड केली तर ५६, तीच ५० मिमीच्या आत असेल तर ८०. फ्लँजला जाडी वाढवायला मारलेल्या कव्हर प्लेटचं टोक ५० आणि प्लेट जाड असेल तर आणखी खाली. आणि सगळ्यात तळाला, जो फिलेट (कोपऱ्यातला वेल्ड) स्वतः लोड वाहतोय आणि मुळातून फाटू शकतो तो, ३६.

हे आकडे शांतपणे वाचले तर एक गोष्ट लक्षात येते, शेडमध्ये बीम "मजबूत" करायला जे जे केलं जातं ते बहुतेक यादीच्या खालच्या अर्ध्यात आहे.

सावधान, आणि ही चूक मोठमोठ्या कन्सल्टंटच्या शीटमध्ये पण सापडते : युरोकोडचा आकडा २० लाख सायकलला दिलेला असतो, आयएस ८००:२००७ (आपलं स्टील मानक) च्या विभाग १३ मधला आकडा ५० लाख सायकलला. म्हणजे युरोकोडचा १६० तोच आयएसचा ११८, ८० तोच ५९, ५० तोच ३७, ३६ तोच २७. गुणक ०.७३७. एका कोडचा आकडा घेऊन दुसऱ्या कोडच्या सूत्रात टाकला तर आयुष्य एका बाजूला अडीचपट फुगतं नाहीतर तितकंच आकसतं, आणि उत्तर दिसायला अगदी शहाणं दिसतं त्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

चालताना या जागांवर जास्त वेळ थांबा :

टोकाचा जॉइंट, म्हणजे गर्डर कॉलमला जिथे बांधलाय तो. गर्डर वाकला की त्याचं टोक थोडं फिरतं, आणि ते फिरायला मिळालंच पाहिजे. पण साइटवर "हलायला नको" म्हणून वेबला जाड प्लेट लावून कॉलमला चारही बाजूंनी वेल्ड करतात, किंवा शेजारच्या दोन गर्डरचे वेब एकमेकांना जोडून टाकतात. हिशोबात तिथे मोमेंट शून्य धरलेला असतो, प्रत्यक्षात प्रत्येक फेरीला ती प्लेट वाकते आणि क्रॅक जातो. वरच्या फ्लँजला आडव्या लोडसाठी धरायला हवं हे खरं, पण ते बोल्टने आणि लांबीच्या दिशेला थोडं लवचिक राहील असं. गॅन्ट्रीच्या टोकाला क्रॅक दिसला की मी पहिल्यांदा हेच बघतो.

वरच्या फ्लँज आणि वेबमधला वेल्ड, बिल्ट-अप (प्लेटा वेल्ड करून बनवलेला) गर्डर असेल तर. रेल वेबच्या बरोबर मध्यावर नसेल तर प्रत्येक चाक फ्लँजला एका बाजूला पिळतं. जास्त ड्यूटीच्या क्रेनला इथे फुल पेनिट्रेशन (पूर्ण जाडीतून गेलेला) वेल्ड करतात. तुटक-तुटक फिलेट मारलेला गर्डर क्रेनसाठी घेऊच नका, प्रत्येक तुकड्याचं टोक म्हणजे नवीन खाच.

स्टिफनर खालच्या ताणातल्या फ्लँजपर्यंत नेऊन वेल्ड केलेला. तो वेब जाडीच्या ४ ते ६ पट वरच थांबवायचा, आपल्या १०.२ मिमी वेबला म्हणजे ४० ते ६० मिमी.

मध्यावरचा जोड. १२ मीटरच्या लांबीतून तुकडे वाचवायला फॅब्रिकेटर दोन तुकडे जोडतो आणि जोड नेमका स्पॅनच्या मध्ये येतो. तो टोकाकडे सरकवा, ड्रॉइंगवर जागा लिहूनच द्या.

टप्पा ५ : आयुष्याचा हिशोब

सूत्र साधं आहे. श्रेणीला सुरक्षा गुणकाने भागा, त्याला रेंजने भागा, जे येईल त्याचा घन करा, २० लाखाने गुणा. गुणक आयएस ८०० प्रमाणे, तपासणीला नीट पोचता येतं पण एक तुटला तर सगळं खाली येईल अशा भागाला १.२५, तिथे पोचणंच अवघड असेल तर १.३५.

आता आपला गर्डर, रेंज ८७.

काहीच वेल्ड नाही : १६० भागिले १.२५ म्हणजे १२८. एकाच मापाची रेंज असेल तर याची न थकायची मर्यादा ०.७३७ ने गुणून ९४ येते, आणि ८७ त्याच्या खाली आहे. म्हणजे क्रेन निवृत्त होईल, बीम नाही.

मध्यावर स्टिफनर, आणि त्याच्या वेल्डलाही पूर्ण ८७ धरली : सुमारे ८ लाख फेऱ्या, साधारण २६ वर्षं. काठावर पास.

खालच्या फ्लँजवर मध्याजवळ केबल ट्रेची १२० मिमीची क्लीट : ५६ चे ४४.८ झाले, उत्तर २ लाख ७३ हजार. नऊ वर्षं. आणि तिथे नीट पोचता येत नाही म्हणून १.३५ लावलं तर सात.

अर्ध्या किलोच्या क्लीटने गर्डर "कधीच नाही" वरून नऊ वर्षांवर आणला. हीच क्लीट वेबवर, मध्यरेषेपासून ५० मिमीच्या आत मारली असती तर तिथली रेंज ८७ च्या पाचव्या भागाइतकी, १७ एमपीए, कुठलाच प्रश्न नाही. आयएस ८०० पण म्हणतं की रेंज २७ भागिले गुणक याच्या खाली असेल तर फटीग तपासायची गरज नाही. केबल ट्रेला जागा बदलायला काहीच खर्च नव्हता, फक्त कोणी सांगितलं नाही.

रिकाम्या फेऱ्या सोडू नका. रिकाम्या क्रेनचं चाक ३५ किलोन्यूटन धरलं तर रेंज साधारण ४१. नुकसान घनाच्या प्रमाणात जातं म्हणून रिकामी फेरी भरलेल्या फेरीच्या दहाव्या भागाइतकं नुकसान करते. जेवढ्या भरलेल्या तेवढ्याच रिकाम्या असतील तर क्लीटचं आयुष्य नऊवरून आठच्या आसपास येतं. प्रत्येक मापाच्या रेंजसाठी झालेल्या फेऱ्या भागिले चालतील त्या फेऱ्या काढायच्या, सगळ्यांची बेरीज १ झाली की आयुष्य संपलं असं धरायचं. बारीक रेंजसाठी सूत्राचा घातांक ५० लाखानंतर ३ चा ५ होतो, शीट बनवताना ते विसरू नका.

तपासा : प्लेट २५ मिमीपेक्षा जाड असेल तर आयएस ८०० मध्ये श्रेणी आणखी कमी करावी लागते, २५ भागिले जाडी, त्याचा ०.२५ घात. ४० मिमी प्लेटला जवळपास ११ टक्के कपात. जाड म्हणजे सुरक्षित हे इथे उलटं चालतं.

टप्पा ६ : नवीन वेल्ड मारताना

क्रम असा ठेवा. आधी जे वेल्डशिवाय होईल ते क्लॅम्पवर घ्या. मग जे उरतं ते वेबच्या मध्याजवळ न्या. मग जे फ्लँजवर मारायलाच लागतंय तेवढंच मारा.

गॅसने कापलेली कड तशीच ठेवू नका, खाचा दिसेनाशा होईपर्यंत ग्राइंड करा. टाका (टॅक वेल्ड) मूळ वेल्डच्या लाइनमध्येच मारायचा, फ्लँजवर इकडेतिकडे नाही. रॉड पेटतो का बघायला वेल्डर बीमवरच टिचकी मारतो, आणि अर्थिंग क्लॅम्प सैल असला की तिथे ठिणगी उडते, दोन्हीचे डाग म्हणजे कडक, ठिसूळ ठिपके, ते ग्राइंड करून डीपी मारा. बट वेल्डला दोन्ही टोकांना जादा पट्टी लावून वेल्ड तिच्यावर सुरू करा, तिच्यावर संपवा, नंतर पट्टी कापून कड घासा. क्लीटच्या कोपऱ्यावर रॉड बदलू नका, कोपऱ्याला वळसा घालून पुढे जाऊन थांबा.

७०१८ रॉड (लो-हायड्रोजन वेल्डिंग रॉड) पावसाळ्यात पाकीट फोडून टेबलावर ठेवला तर आपल्याकडच्या हवेत तो ओल पकडणारच. ओव्हनमध्ये ३०० ते ३५० डिग्रीला तास-दोन तास, पाकिटावर लिहिलंय तसं, आणि मग गरम क्विव्हरमधून (रॉड गरम ठेवायच्या डब्यातून) एक-एक काढायचा. ओव्हन आहे पण प्लग लावलेला नाही हे दृश्य इतकं कॉमन आहे की मी हल्ली आधी ओव्हनला हात लावून बघतो.

वेल्डची कड, म्हणजे टो, घासून गोल केली तर आयुष्य वाढतं. डिस्कने नाही, बर ग्राइंडरने. अंडरकटच्या तळापासून किमान अर्धा मिमी खोल जायचं, पण २ मिमी किंवा प्लेट जाडीच्या ७ टक्के यातलं जे कमी असेल त्यापेक्षा जास्त नाही. आयएसएमबी ५०० चा फ्लँज १७.२ मिमी, म्हणजे १.२ मिमीच्या आत. शेवटचे ओरखडे स्ट्रेसच्या दिशेला समांतर हवेत, आडवे ओरखडे राहिले तर तुम्ही स्वतः क्रॅक आखून दिलात.

सावधान : जो फिलेट मुळातून फाटणार आहे, तो ३६ वाला, त्याची कड कितीही चकचकीत करा, काही उपयोग नाही. तिथे थ्रोट (वेल्डची आतली जाडी) वाढवा किंवा फुल पेनिट्रेशन करा. वेल्डची साइज वाढवून खरोखर फायदा होतो ती जागा हीच.

टप्पा ७ : तपासणी

आधी नुसत्या डोळ्याने. वेल्डच्या कडेला पेंटमध्ये केसासारखी रेघ आणि तिच्यातून गंजाचा लाल ओघळ, तिथे खूण करा. साफ करताना ग्राइंडर किंवा पॉवर ब्रश लावू नका, धातू लेपला जातो आणि क्रॅकचं तोंड बंद होतं. पेंट रिमूव्हर आणि हाताचा ब्रश.

डीपी टेस्टमध्ये घाई करणारे तीन ठिकाणी चुकतात. पेंट न काढता मारतात. लाल पेनिट्रंट दहा मिनिटंही न ठेवता पुसतात. आणि पुसताना क्लीनर सरळ जॉबवर फवारतात, त्याने क्रॅकमधला रंगच धुऊन निघतो, क्लीनर कापडावर घ्यायचा. डेव्हलपर पातळ मारा आणि आणखी दहा मिनिटं थांबा. पातळ पेंट काढायचा नसेल तर एमपीआय (चुंबकाने क्रॅक शोधायची चाचणी) करून घ्या. मुळातला क्रॅक या दोन्हीत दिसत नाही, त्याला यूटी (अल्ट्रासॉनिक चाचणी) लागतो.

किती दिवसांनी? टप्पा ५ मध्ये ज्या वेल्डचं आयुष्य कमी निघालं तो दर सहा महिन्यांनी, बाकीचे वर्षातून एकदा, असं मी लिहून देतो. साप्ताहिक सुट्टीचा दिवस, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी शुक्रवार, यासाठी बरा, क्रेन बंद करा म्हणून भांडावं लागत नाही.

टप्पा ८ : क्रॅक सापडला, आता काय

पहिला निर्णय क्रेन चालू ठेवायची की नाही. क्रॅक ताणातल्या फ्लँजमध्ये आडवा शिरलेला असेल तर क्रेन त्या क्षणी बंद, "आजची डिस्पॅच झाली की बघू" नाही. टोकाच्या प्लेटमध्ये असेल आणि गर्डरमध्ये शिरलेला नसेल तर इंजिनियरने लेखी दिल्यावर लोड कमी करून थोडे दिवस काढता येतात.

१. क्रॅकची दोन्ही टोकं डीपी किंवा एमपीआयने शोधा, मार्कर आणि तारीख.

२. कारण शोधा. टोक फिरायला अडतंय का, रेल सरकलीय का, रेल जॉइंटला पायरी आहे का जिच्यावर चाक आपटतं, की कोणी नवीन क्लीट मारलीय. हे न करता पुढे गेलात तर पुढचं सगळं काम परत करायचंय.

३. लगेच दुरुस्ती शक्य नसेल तर टोकाला २० ते २५ मिमीचं भोक ड्रिल करा. गॅसने नाही. खरं टोक दिसतं त्याच्या थोडं पुढे असतं, म्हणून भोक पुढे सरकवून घ्या, आतली भिंत घासा आणि तिथे परत डीपी, टोक भोकाच्या आत आलंय का हे त्यातूनच कळतं. हा थांबा आहे, इलाज नाही.

४. दुरुस्तीला गर्डरवरचा लोड काढा, खालून टेकू द्या. क्रॅक पूर्ण गाउजिंग करून (खरवडून) काढा, मग ग्राइंड, मग डीपी, रेघ उरली तर परत गाउज. क्रॅकवरून वेल्ड फिरवणं म्हणजे त्याला झाकण लावणं.

५. साधारण १०० डिग्री प्रीहीट, थर्मल चॉकने तपासून, भाजलेला ७०१८, बारीक थर. वेल्डचा फुगवटा सपाट घासा.

६. निदान २४ तास थांबून यूटी आणि एमपीआय. हायड्रोजनचा क्रॅक वेल्ड थंड झाल्यावर उशिरा येतो, संध्याकाळी वेल्ड आणि रात्री रिपोर्ट यातून काही कळत नाही.

७. पॅच प्लेट नको. द्यायलाच लागली तर हाय-स्ट्रेंग्थ बोल्टने, चारही बाजूंनी फिलेट मारून नाही, तिचं टोक परत त्याच ५० च्या श्रेणीत जातं.

८. त्याच प्रकारचा डिटेल बाकीच्या सगळ्या गर्डरवर बघा. फेऱ्या त्यांच्यावरून पण तेवढ्याच गेल्यात, एकाला क्रॅक दिसला तर दोन-तीन तरी रांगेत असतात.

९. क्रेन चालू केल्यावर पहिली तपासणी एका आठवड्याने, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी, आणि प्रत्येक वेळी त्याच कोनातून फोटो, बाजूला स्केल धरून.